ऑक्सिजनची रेघ

उटिंग, २६ फेब्रुवारी २००७

प्रिय कोर्बी,

राखेचा बुधवार होऊन गेला, ईस्टरआधीचे उपवास लागले, म्हणजे तू बिअर सोडली असणार. बिअरबरोबर पत्रं लिहायचंही सोडलंस का? नाताळात आलास, माझ्या मांजरीला अर्धा मासा चारलास, "फुगा छान उडाला, बाई" एवढं म्हणालास आणि गेलास.

काल कुंपणापाशी शेजारची वाल्ली लोहनर भेटली. म्हणाली, "तुमचा तो म्युनिकचा विद्यार्थी नेमकं शोधतोय तरी काय?" मी सांगितलं, शर्मिष्ठा तारकासमूहात एक तारा फुटलाय, त्याच्या राखेच्या ढगात कण सुसाट पळतायत. त्यातले फार वेगवान आपल्यापर्यंत येतात, पण जरा मंद असलेल्यांना सूर्याचा वारा वाटेतूनच परतवून लावतो. ते तिथे आहेत हे कळायचा एकच मार्ग. असा कण ऑक्सिजनच्या अणुकेंद्रावर आदळला की केंद्र थरथरतं, आणि शांत होताना ठरलेल्या ऊर्जेचा गॅमा किरण सोडतं. आलेखात त्या जागी बारीकशी रेघ वर उठते. रेघ दिसली म्हणजे कण आहेत.

वाल्ली म्हणाली, "म्हणजे घरात कोण आहे ते दिसत नाही, पण भांडी पडल्याचा आवाज येतो."

"अगदी तसंच."

"आणि यात तुम्ही जन्म घालवलात? त्यापेक्षा लग्न तरी करायचंत!"

असो. मुद्द्यावर येते. तुमचा फुगा किरण मोजायचं यंत्र घेऊन स्वीडनमधल्या किरूनाहून गेल्या जुलैत उडाला, तिकडे कॅनडात उतरला, सगळी मोजणी घरी आली. आता फेब्रुवारी संपला. ऑक्सिजनची रेघ आहे की नाही? एका कार्डावर हो किंवा नाही, एवढंच लिही. मला उन्हाळ्याच्या आत कळायला हवंय.

तुझी,
इर्मट्राउट केस्टलर


म्युनिक, ४ मार्च २००७

आदरणीय बाई,

तुमचं पत्र चर्चहून आल्यावर वाचलं. बिअर सोडली आहे. पत्रं सोडलेली नाहीत, नुसता आळस आहे. तो कोणत्याच उपवासात सुटत नाही.

हो की नाही ते मला माहीत नाही. पेटी बंद आहे. ऑक्सिजनची आणि तशीच कार्बनची, दोन्ही रेघांच्या जागची मोजणी आम्ही कुलूप लावून ठेवली आहे. आधी मोजायची रीत पक्की करायची, सगळ्यांनी ती मान्य करायची, मगच एकत्र बसून पेटी उघडायची. जे निघेल ते छापायचं, नंतर कशालाही हात लावायचा नाही. हे मी तुम्हाला सांगणं म्हणजे पाद्रीबुवांना जपमाळ शिकवणं आहे. नियम तुमचाच. मी पंचविशीत तुमच्या हाताखाली आलो तेव्हा पहिल्याच दिवशी तुम्ही तो माझ्याकडून म्हणवून घेतला होता.

कुलपाची किल्ली माझ्याकडे दिली आहे. आमच्या गटातली इल्वा म्हणाली, "याच्याकडेच राहू दे. हा खेड्यातल्या शाळेत शिकलाय. मास्तर वर्गाबाहेर गेले तरी हात टेबलावर ठेवून बसत असेल." सगळे हसले, मीही हसलो. खरं म्हणजे आम्ही तसेच बसायचो.

पेटी चौदा जूनला उघडू. त्या दिवशी तुम्ही यायचं आहे. मी गाडी घेऊन न्यायला येतो.

तुमचा,
कोर्बिनियान


उटिंग, १९ मार्च २००७

प्रिय कोर्बी,

चौदा जून मला फार लांब पडतो.

नियम मी केला, हे मला ठाऊक आहे. का केला तेही. शहात्तर साली आमच्या फुग्याने हीच रेघ दाखवली आणि मी धावत जाऊन जगाला सांगितली. संध्याकाळी फुगा खाली आला होता. डोक्यावरची हवा दाट झाली होती, हवेतल्या ऑक्सिजनवरही अवकाशातून येणारे विश्वकिरण आदळत होते, आणि तो बिचारा तीच रेघ त्याच जागी काढत होता. मी आपल्याच डोक्यावरच्या हवेला तारा म्हटलं. पुढच्या वर्षी व्यासपीठावर उभं राहून ते स्वतःच्या तोंडाने सांगितलं. पहिल्या रांगेतले दोघे एकमेकांना कोपर मारत होते, ते अजून दिसतात.

तेव्हापासून मला एकच जाणून घ्यायचंय. ती रेघ हवेची होती, ठीक. पण ताऱ्याचीही आहे की नाही? नियम करणारीला एकदा सूट मागता येत नाही का? कुणाला सांगणार नाही. सांगायला इथे आहे कोण? मांजर वाल्लीला देऊन टाकली, तिच्याकडे ती जास्त खूश असते. यंदा टोमॅटो लावत नाही. नवा कोट घ्यायचा होता, तोही राहू दे म्हटलं, जुना पुरेल.

एक कार्ड, कोर्बी.

तुझी,
इ. के.


म्युनिक, २५ मार्च २००७

आदरणीय बाई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि मला वाईट वाटलं. रागावू नका, पण मनात आलं ते लिहितो.

मी एकट्याने पाहिलं, तर पुढचे अकरा आठवडे मला जे पाहिलंय तेच दिसत राहील. मोजणीतला प्रत्येक बारीक निर्णय मी त्या बाजूला झुकवीन आणि झुकवतोय हे मला कळणारही नाही. हे तुमचे शब्द आहेत, मी फक्त परत करतोय. घाईने एकदा तुमचं नुकसान केलं. त्याच घाईला तुम्ही आता माझ्या दारात पाठवावं, हे मला पटत नाही. तीस वर्षं थांबलात, आणखी तीन महिने थांबा. ही तुम्ही माझी घेतलेली परीक्षा असेल, तर मी उत्तीर्ण झालो असं समजा. परीक्षा नसेल, तर हा हट्ट तुम्हाला शोभत नाही.

टोमॅटो का लावत नाही? गेल्या वर्षी गोगलगायींनी खाल्ले म्हणून? मी ईस्टरनंतर येऊन वाफ्याला जाळी लावून देतो. मांजरीला मात्र असं देऊन टाकायला नको होतं.

तुमचा,
कोर्बिनियान


उटिंग, २० एप्रिल २००७

ब्रांडल साहेब यांस,

मी वालबुर्गा लोहनर, तुमच्या केस्टलर बाईंची शेजारीण, वाल्ली. आपण नाताळात एकदा बोललो होतो. मला पत्रं लिहायची सवय नाही, त्यामुळे सरळ लिहिते.

त्या जाणार आहेत. पोटात गाठ आहे, जानेवारीत कळलं. डॉक्टर म्हणाले उन्हाळा निघायचा नाही. तुम्हाला सांगायचं नाही अशी मला शपथ घातली होती. ती मी आज मोडते आहे. पुढे देव बघून घेईल. मी विचारलं होतं, "त्याला सांगत का नाही? सांगितलं तर लगेच उत्तर देईल." तर म्हणाल्या, "म्हणूनच. कीव येऊन त्याने पेटी उघडलेली मला नको. हट्टाने मागितली आणि त्याने दिली तर गोष्ट वेगळी."

मला यातला फरक कळला नाही. शिकलेल्या माणसांचं असं असतं.

तुमचं ते पत्र आलं तेव्हा त्या अजून खुर्चीत बसत होत्या. वाचून म्हणाल्या, "बरोबर लिहिलंय पोराने." मग पत्र घडी करून उशीखाली ठेवलं आणि जेवल्या नाहीत. आता खुर्चीतही बसत नाहीत.

साहेब, तुमच्या नियमाचं मला काही माहीत नाही. पण मी तीन माणसं माझ्या हातांनी पोचवलीत. शेवटी कुणाला काय हवं असतं ते मला कळतं. एकाला सूप हवं होतं, ते दिलं. यांना हो की नाही हवंय. तुमच्याकडे आहे. मग द्या ना!

वा. लोहनर


म्युनिक, २७ एप्रिल २००७

आदरणीय बाई,

लोहनर काकूंवर रागावू नका. त्यांनी मला सगळं कळवलं. मी तुम्हाला हट्टी म्हटलं आणि टोमॅटोच्या जाळीबद्दल लिहिलं. त्या पत्राबद्दल काय म्हणावं ते सुचत नाही, म्हणून काही म्हणत नाही.

इल्वाला विचारलं होतं, पेटी लवकर उघडता येईल का. तिचा हवेचा हिशेब अजून पुरा झालेला नाही. फुग्याची उंची तासातासाला बदलते आणि प्रत्येक उंचीवरची हवा वेगवेगळी वजा करावी लागते. "मेअखेरपर्यंत तरी नाही," म्हणाली. कारण मी तिला सांगितलं नाही.

मग काल सगळे घरी गेल्यावर मी कुलूप काढलं. कार्बनच्या जागेला हात लावला नाही, फक्त ऑक्सिजनची पाहिली. ताऱ्याकडे बघत असतानाची मोजणी घेतली, कोऱ्या आकाशाची वजा केली. हवेसाठी तूर्त एकच सरासरी आकडा धरला, फारसा फरक पडू नये.

बाई, रेघ आहे. बरोबर तिच्या जागी, सरळ उभी. मी खुर्चीतून उठलो आणि छातीवर क्रूसाची खूण केली. तुम्ही हसाल म्हणून तेही सांगतो.

कार्डाऐवजी पत्र झालं. पण उत्तर 'हो' आहे.

रविवारी येतो.

तुमचा,
कोर्बी


उटिंग, ३ मे २००७

प्रिय कोर्बी,

हात चालत नाही, म्हणून वाल्ली लिहिते आहे. तिला म्हटलंय, मी बोलते तसंच लिही, गोड करू नकोस.

रविवारी तू आलास तेव्हा मी गुंगीत होते. हात धरून बसला होतास म्हणे. त्याआधी तुझं पत्र वाल्लीने मोठ्याने वाचलं होतं. मी तिला तळघरातली बाटली आणायला लावली. अर्धा दिवस मी इतकी आनंदात होते की वाल्लीला वाटलं औषध जास्त झालं. (खरंच वाटलं होतं. वा. लो.)

मग पडल्या पडल्या मी जुलैतला किरूनाचा सूर्य आठवला. तिथे तो मावळत नाही, पण मध्यरात्री क्षितिजाला टेकतो. फुग्यातला वायू गार होतो. फुगा खाली येतो.

कोर्बी, तुम्ही ताऱ्याकडे कधी बघत होता आणि कोऱ्या आकाशाकडे कधी? फुगा खाली असताना तारा आणि वर असताना कोरं आकाश, असं तर नाही ना झालं? तसं असेल तर सरासरी आकड्याने हवा जात नाही, उरते. मोजणीचे दोन भाग कर, उंचावरची वेगळी, खालची वेगळी. ताऱ्याची रेघ दोन्हींत सारखी दिसेल. हवेची असेल, तर फुगा खाली आला की वाढेल.

(इथे थांबल्या. पाणी दिलं. मी म्हटलं, आता राहू द्या. म्हणाल्या, "लिही गं!" वा. लो.)

हे सगळं तुला माझ्याहून चांगलं येतं. म्हणून भीती वाटते. माहीत असून तू माझ्यासाठी न पाहिल्यासारखं केलंस का?

इ. के.


म्युनिक, ८ मे २००७

आदरणीय बाई,

दोन भाग केले. उंचावरच्या भागात रेघ जवळजवळ नाहीच. खालच्या भागात तीच उंच, सरळ रेघ आहे. मी तुम्हाला हवा पाठवली.

माहीत होतं का, हे मी स्वतःला विचारून पाहिलं. सरासरी आकडा धरताना हात क्षणभर अडला होता. मग तुमचा चेहरा समोर आला आणि हात पुढे गेला. याला माहीत असणं म्हणायचं की नाही, ते मला ठरवता येत नाही. शनिवारी पापनिवेदनाला गेलो तेव्हा आमच्या पाद्रीबुवांनाही ते ठरवता आलं नाही. म्हणाले, "बाळा, तू खोटं बोललास का?" मी म्हटलं, नाही. "चोरी केलीस का?" नाही. "मग तू नक्की कशासाठी आला आहेस?"

इल्वाला सोमवारी सगळं सांगितलं. "बाकी कुणाबद्दलही असं माझ्या मनात आलं असतं, तुझ्याबद्दल नाही," एवढंच म्हणाली. मी किल्ली तिला दिली.

तुमच्या नियमाचा शेवटचा भाग मी विसरलो नव्हतो: रीत पक्की होण्याआधी कुणी पाहिलं, तर तो भाग निकालात धरायचा नाही. म्हणजे या उड्डाणातला ऑक्सिजन गेला, सगळा, उंचावरचाही. इल्वाने हवा कितीही नीट वजा केली तरी तो आता मोजला जाणार नाही. उरला कार्बन, आणि पेटी उघडतील तेव्हा मी खोलीत नसेन.

तुम्हाला जे हवं होतं, ते आता हा फुगा सांगू शकत नाही. ते माझ्यामुळे झालं.

रविवारी येतो. जागं राहायचा त्रास घेऊ नका.

तुमचा,
कोर्बी


उटिंग, २९ मे २००७

ब्रांडल साहेब यांस,

दफनाच्या दिवशी माणसं होती म्हणून बोलता आलं नाही.

तुमचं आठ तारखेचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं होतं. दाखवायला नको होतं असं आता वाटतं, पण "वाच" म्हणाल्या. ऐकून झालं. मग म्हणाल्या, "मी विचारायला नको होतं." मी म्हटलं, "अहो, पोराने प्रेमापोटी केलं." म्हणाल्या, "तेच तर." नंतरच्या दोन रविवारी तुम्ही आलात, पण तेव्हा त्या कुणाला ओळखत नव्हत्या. आता एवढंच सांगते, की तुमच्यावर राग नव्हता. स्वतःवर होता.

मी त्या दिवसापासून विचार करते आहे, की ते वीस एप्रिलचं पत्र मी लिहिलं नसतं तर? मला वाटलं, हो आणि नाही, दोनच तर गोष्टी आहेत, एक द्यायची. सूप देतात तशी. ते देता देता सांडून जातं, हे मला कसं कळणार?

त्या गेल्या तेव्हा मांजर पायाशी होती. भिंतीवरून उडी मारून ती अजून रोज त्यांच्याच घरी जाऊन बसते. मी नेत नाही.

मला आता त्या रेघेबद्दल काही कळवू नका. आहे म्हणालात तरी वाईट वाटेल, नाही म्हणालात तरी. पण तुम्ही कधी इकडे आलात तर चहाला या.

वा. लोहनर


म्युनिक, १७ जून २००७

आदरणीय लोहनर काकू,

तुम्ही रेघेचं कळवू नका म्हणालात. कळवण्यासारखं काही नाहीच, म्हणून लिहायला हरकत नसावी.

ते पत्र लिहिलंत याबद्दल स्वतःला दोष देऊ नका. तुम्ही मागितलं ते मागण्यासारखंच होतं. देणाऱ्याने काय दिलं, ते देणाऱ्याचं.

गुरुवारी पेटी उघडली. मी बाहेर, बाकावर. आत पाच जण. मध्ये कुणीतरी मोठ्याने हसलं, मग पुष्कळ वेळ काही नाही. मी जपमाळ काढली होती, पण कशासाठी प्रार्थना करायची ते कळेना. रेघ असो म्हणायचं की नसो? शेवटी नुसतेच मणी ओढले.

इल्वा बाहेर आली. म्हणाली, "कार्बनच्या जागी थोडंसं काहीतरी वर आलंय. इतकं थोडं, की आहे असंही छापता येत नाही आणि नाही असंही. सोबत ऑक्सिजन असता तर कदाचित काही म्हणता आलं असतं." हे तिने मला बोचावं म्हणून म्हटलं नाही, ती तशी नाही. तिचं बोलून झालं तेव्हा तिच्याच लक्षात आलं.

मग ती माझ्याशेजारी बसली. हातात घडी केलेला कागद होता. म्हणाली, "तुझा ऑक्सिजन मी टाकून दिलेला नाही. हवेचा हिशेब पुरा झाला तेव्हा त्यातूनही हवा वजा करून पाहिली. छापणार नाही, कुणाला दाखवणार नाही. पण तुला हवं असेल तर हे घे. खरी हवा काढल्यावर काय उरतं, ते यात आहे."

मी हात पुढे केला. कागद बोटांना लागला. मग हात मागे घेतला.

"नको."

"का? कुणालाच कळणार नाही."

"म्हणून नाही."

"मग? नुसतं स्वतःसाठी बघ. इतकी वर्षं शोधतोयस."

आतून खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते, लोक जेवायला निघाले होते. मला तेव्हा पहिल्यांदाच कळलं, आणि मी ते इल्वाला सांगितलं नाही, तुम्हाला सांगतो. मला ती रेघ पाहायची नव्हतीच कधी. मला ती बाईंना सांगायची होती.

तुमचा,
कोर्बिनियान ब्रांडल